नवतपातलं जॅकेट

नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ रणरणत्या दिवसांतल्या, पाचव्या दिवशी, भर दुपारी, नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानात शिरून मी जॅकेट मागितलं. काउंटरमागच्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे आणि मग पुन्हा माझ्याकडे.

"ताई, जॅकेट तं दिवाळीनंतर येते. आता कूलरचा सीझन हाय."

बाजूचा सेल्समन हसला. एरवी मीही हसले असते, पण हसण्याइतकी ताकद अंगात नव्हती. सकाळपासून मी अर्धा कप चहा आणि दोन घोट पाणी यांच्यावर होते, आणि तेही मुद्दाम.

मुद्दाम का, ते आधी सांगून टाकते, म्हणजे माझी पुढची चिडचिड उगाच वाटायची नाही. फेब्रुवारीत माझं मोठं आतडं काढावं लागलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात, तातडीने. तेव्हापासून माझ्या पोटावर, बेंबीच्या उजवीकडे जरा खाली, एक पिशवी चिकटवलेली असते. लहान आतड्याचं तोंड तिथे बाहेर काढलं आहे. मी जे खाते ते पचून त्या पिशवीत येतं. दिवसातून पाच-सहा वेळा ती रिकामी करायची, तीन-चार दिवसांनी बदलायची, आणि हे आयुष्यभर. दुखत नाही. वास येत नाही, निदान दवाखान्यातली नर्स तरी तसं म्हणते. पण जेवल्यावर तासाभरात ती फुगते आणि कपड्यांवरून तिथे उंचवटा दिसतो, कुणी पदराखाली पेरू लपवावा तसा.

मी शाळेत विज्ञान शिकवते. एकोणीस वर्षं फळ्यावर पचनसंस्था काढत आले. "मोठं आतडं दाखव," म्हणून किती पोरांना फळ्यापाशी उभं केलं असेल याची गणती नाही. ज्यांना दाखवता आलं नाही त्यांना तासभर उभंच ठेवलं. आता माझ्याकडेच दाखवायला नाही.

विदर्भातल्या शाळा उन्हापायी उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. माझी रजाही तिथेच संपत होती. पहिल्या दिवशी हजर व्हायचं तर अंगावर काय घालायचं, एवढाच प्रश्न होता. ऐकायला किरकोळ आहे. आमच्या शाळेचा नियम असा, की बाईंनी साडी नेसावी, आणि कुर्ता किंवा टॉप घातला तर त्यावर जॅकेट हवंच. दोन वर्षांपूर्वी मोठ्या बाईंनी हा नियम काढला तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांत मोठ्यांदा 'बरोबरच आहे' म्हणणारी मीच होते. मी रोज साडी नेसायचे, माझं काय जात होतं?

आता साडी नेसता येत नाही. परकराचा नाडा बरोबर त्या जागेवर येतो. ऑपरेशन ठरवून करायचं असलं तर म्हणे आधी विचारतात, साडी कुठे नेसता, नाडा कुठे बांधता, आणि ती जागा सोडून छेद देतात. माझ्या वेळी विचारायला कुणाला वेळ नव्हता आणि सांगायला मी शुद्धीवर नव्हते. यात कुणाची चूक नाही हे मला कळतं. पण चूक कुणाचीच नसली की राग काढायचा कुणावर, हे मात्र कुणी सांगत नाही.

मग टॉप. अनेक टॉप घालून, टाकून, परत करून शेवटी एक सापडला. मुलीने पुण्याहून पाठवलेला, जांभळा, सुती. छातीपासून बारीक चुण्या आणि खाली घेरच घेर. तो घालून मी पहिल्यांदा आरशापुढे उभी राहिले तेव्हा पोटात वरण-भात होता, पिशवी अर्धी भरलेली होती, आणि आरशात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. चार महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदा मी आरशापुढून हसत बाजूला झाले. आणि लगेच आठवलं, यावर जॅकेट घालावं लागणार.

इथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो नवतपाला लाजवणारा होता.

पहिली तालीम घरातच झाली. आम्ही कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहतो. नवरा तिथेच नोकरीला आहे. मुलीला व्हिडिओ कॉलवर घेतलं, नवऱ्याला फोन धरायला उभं केलं आणि घरात होतं नव्हतं ते एकेक करून त्या टॉपवर चढवलं. मुलीचं जुनं डेनिमचं जॅकेट कमरेशीच संपत होतं आणि त्याची कड नेमकी उंचवट्याच्या माथ्यावर येत होती. बाण काढून 'इथे पाहा' लिहिल्यासारखं. मग तिचंच एक पातळ, समोरून उघडं, झुळझुळीत काहीतरी होतं, त्याला श्रग म्हणतात. ते पंख्याखाली उडून दोन्ही खांद्यांवर गेलं. शेवटी नवऱ्याची खादीची बंडी घातली. बटणं लावल्याबरोबर टॉपचा सगळा घेर तिच्याखालून फसकन बाहेर आला आणि मी पानकोबी दिसायला लागले.

"आई, सैल टॉपवर फिटिंगचंच जॅकेट घालायचं असतं," मुलगी म्हणाली. "नाहीतर आकारच दिसत नाही."

"मले आकार दिसायलेच नाही पायजे!"

"पण लेयरिंगचा नियम..."

"लेयरिंग मले नको शिकवू. माझ्या पोटावर चार लेयर हाएत."

"मग तंबू घाल," ती म्हणाली आणि तिचं नेटवर्क गेलं. की तिने घालवलं, देव जाणे.

नवरा फोन हातात धरून तसाच उभा होता. तो म्हणाला, "अवं, मोठ्या बाईले सांगून टाक ना. असं असं हाय, जॅकेट जमत नाही. साधी गोष्ट हाय."

"तुमच्या पोटावर असती म्हणजे तुमी प्लँटच्या गेटवर बोर्ड लावला असता का?"

तो वाईट माणूस नाही. दवाखान्यात पहिल्यांदा पिशवी त्यानेच बदलली, मला पाहवत नव्हतं म्हणून. पण त्याला स्टाफरूम माहीत नाही. आमच्याकडे पहिल्या तासाला एकीच्या कानात सांगितलेली गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत शिपायाला पाठ झालेली असते. मी पोटाचं ऑपरेशन एवढंच कळवलं होतं. त्यावर एकीने फोन करून, "पिशवी काढली ना?" विचारलं, गर्भाशयाबद्दल, आणि मी हो म्हणून मोकळी झाले. त्याहून मोठी भीती पोरांची. पोरं नावं ठेवतात. मला चांगलं माहीत आहे, कारण त्यांनी इतरांना ठेवलेली नावं ऐकून मी एकोणीस वर्षं गालातल्या गालात हसत आले आहे. एकदा नाव पडलं की ते बॅचमागून बॅच चालतं, शिक्षक रिटायर झाला तरी नाव रिटायर होत नाही.

त्या तालमीतून मला एकच शोध लागला. रिकाम्या पोटी काहीही घातलं तरी बरं दिसतं. न खाल्लं तर पिशवी सपाट. पिशवी सपाट तर डेनिमही चालतं, बंडीही चालते. झालं. तेव्हापासून बाहेर जायचं असलं की मी जेवण टाळायला लागले. आधी भाजी आणायला जाताना, मग बँकेत जाताना, मग कुणी घरी येणार असलं तरी. शाळेसाठी मनाशी ठरवूनही टाकलं, की सकाळी चहा, आणि मग एकदम साडेपाचला घरी आल्यावर जेवण. नर्सने बजावलं होतं, पाणी आणि मीठ कमी पडलं तर पुन्हा भरती व्हावं लागेल, तुमचं मोठं आतडं नाही हे विसरू नका. मी विसरले नव्हते. मी फक्त दुर्लक्ष करत होते, आणि वर लोक म्हणत होते, "वा मॅडम, मस्त बारीक झाल्या!"

तर त्या दिवशी अशी उपाशी, तो जांभळा टॉप घालून, मी कोराडीहून बसने बर्डीवर आले. उन्हात रस्ते ओस पडलेले, माणसं दुपट्टे गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवून फिरत होती. आणि मी जॅकेट शोधत होते. दुसऱ्या दुकानात आरशांची बारीक टिकली लावलेली कोटी दाखवली, नवरात्रात घालतात तसली. तिसऱ्या दुकानात वकिलांचा काळा कोट दाखवला आणि वर "उन्नीस-बीस चलता है मॅडम," असं ऐकवलं. चौथं दुकान मोठं होतं, एसी होता, ट्रायल रूम होती. तिथे एका कोपऱ्यात, हिवाळ्यातलं उरलेलं, गुडघ्यापर्यंतचं एक लांब सुती जॅकेट सापडलं. मातकट रंग, पुढे तीन बटणं. घातलं. बाजूने वळून पाहिलं. खरं सांगते, बरं दिसत होतं. म्हणजे उपाशीपोटी बरं दिसत होतं, पण तेव्हा तेवढ्यानेही मी विरघळले.

दुकानातली मुलगी मदतीला आली. "मॅडम, हे इथं थोडं फुगून राहिलं, दाबून बटन लावा ना," असं म्हणत तिने हात पुढे केला, सरळ पोटाकडे.

मी तिच्या हातावर चापट मारली. फटकन आवाज झाला.

"हात लावू नको!"

सगळं दुकान वळून पाहायला लागलं. मुलगी विशी-बाविशीची असेल, तिचे डोळे भरून आले. "मी तं फक्त बटन..." एवढंच ती म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं. मी जॅकेट काढलं, तिच्या हातात दिलं, आणि माफी न मागता बाहेर पडले. बाहेर पडल्यावर वाटलं, परत जावं. गेले नाही. त्या मुलीची माफी मागायची राहिली ती राहिलीच. आजही बर्डीवर गेले की मी त्या दुकानासमोरून जात नाही.

बसस्टँडपाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. लिंबूपाण्याच्या गाडीला धरून उभी राहिले, मीठ जास्त घालून दोन ग्लास प्यायले, आणि त्याच चिडीत रिक्षा करून इतवारीत गेले आणि तीन मीटर कापड घेतलं. मिळत नाही ना जॅकेट, तर शिवून घेते! रंग राखाडी घेतला. कोराडीत दोरीवर काहीही वाळत घाला, वीज केंद्राच्या राखेने शेवटी ते राखाडीच होतं, तर आधीपासूनच घेतलेलं बरं.

आमच्या कॉलनीच्या फाटकाबाहेर एक बाई कपडे शिवते. समोरच्या खोलीत दोन मशिनी, एक पडदा, भिंतीला टेकून एक कपाट. अख्ख्या कॉलनीचे ब्लाऊज तिच्याकडे. तिची एक पद्धत आहे. ती अंगावर माप घेत नाही. मापाचं कापड आणा म्हणते, म्हणजे आपल्याला नीट बसणारा एखादा जुना ब्लाऊज किंवा कुर्ता द्यायचा, त्यावरून ती नवं बेतते. मला ही पद्धत त्या दिवशी देवासारखी वाटली. टेप घेऊन कुणी माझ्या पोटाशी येणार नव्हतं. मी जांभळा टॉप आणि राखाडी कापड तिच्यापुढे ठेवलं.

"या टॉपवर घालायचं जॅकेट शिवायचं आहे. हाच मापाला ठेवा. मोकळं शिवा, बटणं नकोत, लांब पाहिजे."

तिने टॉप उचलून झटकला, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लय वाळल्या मॅडम तुमी."

"ऑपरेशन झालं ना."

"हो, मालूम हाय," ती म्हणाली आणि टॉपच्या कडा बोटांनी चाचपत राहिली. मी आणखी काही सांगितलं नाही. काय सांगायचं होतं?

लग्नसराईची कामं संपेपर्यंत तिने तीन आठवडे लावले. शाळा उघडायला पाच दिवस राहिले तेव्हा निरोप आला. मी सकाळी अकराच्या सुमारास गेले, अर्थातच न जेवता, कारण घालून पाहायचं होतं. तिने आधी जॅकेट काढलं. काय सुरेख शिवलं होतं! कॉलर सपाट बसलेली, शिवण सरळ, आतून अस्तर. मला खरंच बरं वाटलं. मग तिने घडी केलेला टॉप काढला आणि हसत माझ्या हातात दिला.

मी उलगडला. आधी वाटलं दुसऱ्या कुणाचा तरी दिला. रंग तोच, कापड तेच. पण घेर नव्हता. दोन्ही बाजू आत घेतलेल्या, पाठीला दोन टक्स, छातीखालच्या चुण्या निम्म्या झालेल्या. साधा, अंगाबरोबर बसणारा टॉप.

"हे काय केलंत?"

"फिटिंग करून देलं जी," ती म्हणाली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "त्याचे पैसे नको. ऑपरेशनानं अंग उतरलं तुमचं, कपडे लटकून राह्यले. म्हटलं, शाळेत जातीन तं मॅडम बऱ्या तं दिसतीन."

भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, ते याला. कॉलनीतल्या सगळ्या बायका रेडिमेड टॉप घेतात आणि फिटिंगला तिच्याकडे आणतात. ढगळ टॉप फिटिंगशिवाय परत देणं म्हणजे तिच्या दृष्टीने अर्धवट काम. त्यात मी आजारी, बारीक झालेली. तिने तिच्या झोपेचे दोन तास घालून माझ्यावर उपकार केला होता. पण तेव्हा हे काही माझ्या डोक्यात नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोणी सांगितलं होतं? उसवा आत्ताच्या आत्ता!"

तिचं हसू गेलं. "उसवून फायदा नाही मॅडम. ओव्हरलॉक मारला. बाजूचं कापड कापल्या गेलं."

"कापलं?"

"अन् जॅकेटबी मंग ह्याच मापावर बेतलं."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, लाज वाटते. नववी 'ब'च्या वर्गात वापरते तो आवाज काढला. "न विचारता अक्कल चालवायची कशाला?" असं म्हणाले. "तुमच्याकडे द्यायलाच नको होतं," असंही म्हणाले. रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबून पाहायला लागली. शिवणाऱ्या बाईने जॅकेट मशिनीवर ठेवलं. ती मशिनीच्या चाकावर हात ठेवून खाली पाहत उभी होती. माझा श्वास संपला तेव्हा तिने हळूच विचारलं, "पण मॅडम, एवढं ढगळ काहून पायजे होतं तुमाले?"

विचारायचा तिला पूर्ण हक्क होता. हे मीच तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतं, एका वाक्यात, तर तिने कात्री उचलली नसती. डॉक्टरांची चूक नाही, दुकानातल्या मुलीची नाही, हिचीही नाही. ही चूक साफ माझी होती, आणि चार महिने ज्या रागाला जागा सापडत नव्हती त्याला ती एकदम सापडली. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि रडले. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत रडले. पाच दिवसांनी शाळा होती, आणि माझ्याकडे घालायला काही उरलं नव्हतं आणि उपाशी राहण्याखेरीज उपायही.

तिने पुढे होऊन दाराचा पडदा ओढला आणि पाण्याचा ग्लास आणून दिला. मी पाणी प्यायले, उभी राहिले आणि अंगातला कुर्ता वर करून दाखवलं. धीर वगैरे काही नव्हता त्यात. मी थकले होते, आणि शब्दांत सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं.

ती पाहत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते, आता नाक मुरडेल, आता 'अरे देवा' म्हणेल, आता डोळ्यांना पदर लावेल. तिने खाली वाकून पाहिलं, एखादी अवघड शिवण पाहावी तसं.

"दुखते का?"

"नाही."

"हात लावू का?"

"लावा."

तिने दोन बोटांनी पिशवीची कड हलकेच धरून पाहिली, जाडी पाहिली, खाली किती येते ते पाहिलं. "हे एवढीच राह्यते का वाढते?"

"जेवल्यावर वाढते."

"किती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नाही. मी विज्ञानाची बाई. पोरांना सांगते, अंदाजाने बोलू नका, मोजा. आणि चार महिन्यांत मी एकदाही मोजलं नव्हतं. मला फक्त खूप, भयंकर, सगळ्यांना दिसेल इतकी, एवढंच माहीत होतं.

"आता जेवून आल्या का?"

"नाही."

"सकाळी?"

"चहा."

"अन् शाळा लागली का मंग डबा कवा खासान?"

"नाही खाणार. संध्याकाळी घरी आल्यावर."

तिने माझ्याकडे पाहिलं. गळ्यातली टेप काढून मशिनीवर ठेवली आणि आतल्या खोलीत गेली. भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं चहा ठेवते आहे. ती ताट घेऊन आली. वरण-भात, त्यावर तूप, कडेला लिंबाची फोड.

"उपाशी पोटाचं माप मी घेत नाही जी," ती म्हणाली. "म्हणून तं कोणाच्या अंगावरच घेत नाही. लग्नाच्या ब्लाऊजले पोरी पोट आत ओढून उभ्या राह्यतात, अन् मंग मांडवात हुक तुटते. बोलणे मीच खातो. बसा, जेवा."

ऑपरेशननंतर मी दुसऱ्याच्या घरी अन्नाचा कण घेतला नव्हता. मी लिंबू पिळलं आणि पहिला घास घेतला. मी जेवत होते तेव्हा तिने उरलेलं राखाडी कापड जमिनीवर पसरलं आणि खडूने रेघा मारायला लागली. टॉपच्या दोन्ही बाजूंना राखाडी त्रिकोनी कळ्या घालायच्या, घेर परत येतो. जॅकेटची उजवी बाजू उसवून खांद्यापासून एक चुणी सोडायची. "उभ्या राह्यल्या का मिटन, बसल्या का उघडन," ती म्हणाली. "कोणाले समजत नाही. फॅशन हाय म्हणतीन."

मी तिला म्हणाले, मघाशी फार बोलले, माफ करा. तिने तोंडात टाचण्या धरल्या होत्या, नुसता हात हलवला.

ताट संपवून मी बसून राहिले. ती कळ्या कापत होती. बाहेरून कोळशाचे ट्रक जात होते, काचेच्या कपाटाची दारं थडथडत होती. आम्ही दोघी वाट पाहत होतो. पाऊण तासाने मला पोटावर ते ओळखीचं ऊबदार वजन जाणवलं. एरवी ते जाणवलं की मी ओढणी पुढे घेते, पर्स पोटाशी धरते, कुठे बाथरूम आहे ते शोधते.

"आली," मी म्हणाले.

"उभ्या राहा. पोट आत नका घेऊ."

तिने टेप लावली. आडवी, उभी, मग पुढे किती येते ते पट्टी धरून. मग बसवलं आणि पुन्हा सगळं मोजलं. तिच्या वहीत बायकांची, त्यांच्या कपड्यांवरून घेतलेली, मापं होती, एकेका पानावर एकेक बाई, छाती, कंबर, बाही, उंची. माझ्यासाठी तिने नवं पान घेतलं. बाकीची मापं लिहून झाल्यावर तिने खाली 'पोट' लिहिलं, त्यापुढे 'जेवल्यावर' लिहिलं, आणि आकडा मांडला. मी वाकून पाहिलं. पुढे यायचा आकडा दीड इंच होता. दीड इंच. मी चार महिने दीड इंचाला घाबरून उपाशी होते.

"एवढंच?" तिने विचारलं. "का आणखीन वाढते?"

"पोटभर जेवले तर वाढते थोडी."

"मंग हे पोटभर नव्हतं का?"

मी ताटाकडे पाहिलं. खरं तर मघाशीच तिच्या पातेल्याकडे माझी नजर दोनदा जाऊन आली होती.

"नाही," मी म्हणाले.

"मंग जेवा ना जी मॅडम. माप बरोबर आलं पायजे."

मी ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला.